मुक्काम पोस्ट अल थुमामा

रात्रपाळीहून आलेल्या माणसाची दिवसाची झोप धड झोप नसते आणि धड जागही नसते. खिडकीला काळे पडदे, त्यांच्या कडेने आत आलेली उन्हाची बारीक रेघ, एसीची घरघर, आणि डोक्यावरून विमानतळाकडे उतरत जाणारी विमानं. दोहाच्या अल थुमामा भागातल्या माझ्या घरात मी कित्येक वर्षं अशी झोपले. विमानं स्वप्नात यायची आणि स्वप्नातच कुठेतरी उतरायची. त्या झोपेत दुसऱ्या माणसाचा आवाज मात्र कधी नसायचा. चमचा पडला तर तो मीच कडेला ठेवलेला, नळ टपकला तर तो मीच नीट बंद न केलेला.

मग पंचेचाळिशी उलटल्यावर मी लग्न केलं आणि नवरा माझ्या घरात राहायला आला.

लोकांचं उलटं असतं. बायको नवऱ्याच्या दारात जाते, माप ओलांडते. आमच्यात ओलांडायचं काम नवऱ्याकडे आलं. माप नव्हतं, वॉचमनने दाराबाहेर ठेवलेला पाण्याचा मोठा बाटला होता, तो त्याने ओलांडला आणि शिवाय वाकून, उचलून आतही आणून ठेवला. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, आमच्या मिरजेकडच्या बाईला दुसरं जमत नाही. लिहिताना मात्र 'तो'. लिहिताना तरी मोकळं वाटू दे.

माझी ओळख सांगायची तर मी नर्स. मिरजेत शिकले, तिथून मुंबई, तिथून दोहा. पाठच्या भावंडांची शिक्षणं, लग्नं, आईचं आजारपण, यात माझं लग्न राहून गेलं असं सगळे म्हणतात. राहून काही गेलं नव्हतं, मला तेव्हा करायचं नव्हतं, पण हे कुणाला पटत नाही. तो मिरजेच्या पलीकडच्या एका गावातला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटारी, पंखे, गिरणीच्या मोटारी, सगळ्यांना नव्याने तांब्याची तार गुंडाळायची. पहिली बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही. माझ्या चुलतबहिणीने आमची गाठ घालून दिली. तिच्या घरी बघायचा कार्यक्रम ठरला तर हा पूर्ण वेळ पंख्याकडेच बघत बसला. चहा झाल्यावर उठला, स्टूल मागितलं, वर चढून पंख्याचा खडखडाट बंद केला, खाली उतरून हात झटकले आणि म्हणाला, "आता बोला." मला तिथेच हसू फुटलं आणि लग्न ठरल्यात जमा झालं.

गावात त्याला घरजावई म्हणून चिडवायला सुरुवात झाली. घरजावई हा शब्द आमच्याकडे शिवीच्या शेजारच्या घरात राहतो. बायकोच्या देशात, बायकोच्या पगारावर, बायकोच्या नावाच्या घरात. तो हसण्यावारी न्यायचा. पण इथे आल्यावर एक गोष्ट मला झोपेतच कळली. मी आत झोपलेली असताना तो स्वयंपाकघरात दार लोटून भावाशी फोनवर बोलायचा, माझी झोपमोड होऊ नये म्हणून अगदी दबक्या आवाजात. दबका आवाज झोपलेल्या माणसाला जास्त ऐकू येतो, हे त्याला माहीत नसावं.

"हां, हाय की अजून," तो म्हणायचा. "मुक्कामाला हाय."

मुक्काम. आमच्या भागात मुक्काम म्हणजे एक-दोन रात्रींची वस्ती. पाहुणा मुक्कामाला येतो. एसटीसुद्धा मुक्कामी असते. रात्री देवळासमोर येऊन उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर आतच झोपतात आणि पहाटे उजाडायच्या आत ती निघून जाते. मीही दरवर्षी सुट्टीत माहेरी जाते तेव्हा भावजय बॅग हातातून घेता घेता विचारते, "किती दिवस मुक्काम, वन्सं?" प्रेमाने विचारते, पण बॅग कुठे ठेवायची हे तिला त्यावरून ठरवायचं असतं. हा शब्द कानावर पडला की त्या अर्धवट झोपेत मला ती एसटी दिसायची. अंधारात इंजिन सुरू झालेली, दिवे लागलेले.

आणि त्याची बॅग. मी अर्धं कपाट मोकळं करून दिलं होतं. त्यात त्याने एक कंगवा ठेवला. कपडे धुऊन, वाळवून, घडी घालून तो पुन्हा बॅगेतच ठेवायचा. बॅग पलंगाशेजारी उभी.

आता हे सगळं मी त्याला सरळ विचारायला हवं होतं. मी वॉर्डात कुणालाही काहीही विचारते. मोठमोठ्या साहेबांना "शौचाला झाली का" असं विचारण्यात माझं आयुष्य गेलं. पण नवऱ्याला, बाबा रे, तू राहायला आलायस की मुक्कामाला, हे विचारायला माझी जीभ रेटेना. मी कागदपत्रांच्या मागे लागले. कागद झाले की सगळं होईल असं मला वाटायचं.

तो व्हिजिट व्हिसावर आला होता. तो संपायच्या आत माझ्या नावावर त्याचा राहण्याचा परवाना झाला तर तो इथे राहणार. नाही झाला तर परत. आणि एकदा परत गेला की तो पुन्हा येईल याची मला खात्री नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्या छातीत सारखी एक धाकधूक असायची आणि ती मी सगळी चिडचिडीत काढायचे.

पहिला कागद घराचा. माझा करारनामा एकट्या बाईचा होता. घरमालकाचा माणूस "यल्ला, यल्ला" अशी घाई करत आला, नवा करारनामा आणला, त्यात घर कुटुंबासाठी असं लिहिलेलं. मी सही केली. सकाळी मी एकटी होते आणि दुपारी कुटुंब झाले. त्या दिवशी मी झोपले तेव्हा पलीकडच्या खोलीत तो शेंगदाणे सोलत होता. एकेका शेंगेचा टच् असा आवाज. स्वप्नात मला वाटलं, पाऊस आहे. मग वाटलं, कोणीतरी टाइप करतंय. मग काही वाटलंच नाही, गाढ झोप लागली. इतक्या वर्षांत तशी झोप लागली नव्हती.

जागी झाले तेव्हा तो टेबलावर प्लास्टिकची फाईल उघडून बसलेला. त्यातून त्याने एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती.

"ही कशाला आणलीत?"

"पुरावा नको? मी हाय म्हणून?"

आपल्याकडे घरपट्टीची पावती म्हणजे माणूस कुठला याचा पुरावा, हे खरंच आहे. रेशनकार्डाला ती चालते, बँकेला ती चालते. पण ती घेऊन दोहाला विमानाने येणारा माणूस मी पहिलाच पाहिला. मी त्याला सांगितलं की इथे ती नाही लागत.

"मग हितली घरपट्टी कुटं भरायची?"

"इथं घरपट्टी नसते."

त्याला ते पटलं नाही. "नसंल कशी? पाणीपट्टी?"

"लाईट-पाण्याचं बिल येतं. ते माझ्या खात्यातून आपोआप जातं."

"आपोआप," तो म्हणाला. थोडा वेळ त्या पावतीची घडी घालत, उलगडत बसला. "म्हंजे मी काय भरायचं?"

मी रात्रपाळीची, डोळे चुरचुरत होते. "हंड्यात पाणी भरा," म्हटलं. तो हसला आणि उठून खरंच फिल्टरच्या बाटल्या भरायला लागला. मग मला वाईट वाटलं. ज्या घराचं आपण काहीच भरत नाही ते घर आपलं म्हणायचं कशाच्या जोरावर, एवढंच तो विचारत होता.

त्या दिवसांत पहाटे धुकं पडायचं. दोहाचं हिवाळ्यातलं धुकं मोठं विचित्र असतं, वाळवंट आहे हे आपण विसरून जातो. मी ड्युटीवरून आले की तो गच्चीवर चहा घेऊन थांबलेला असायचा. खालची खजुराची झाडं, मशिदीचा मनोरा, समोरचे व्हिला, सगळं पुसलेलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसायच्या आणि त्यांच्यावर अंग चोरून बसलेल्या मांजरी. विमानं ऐकू यायची, दिसायची नाहीत.

"स्टँड सापडंना त्यास्नी," तो म्हणायचा.

आम्ही फार बोलायचो नाही. चहा निवायचा. कपाळावर, भुवयांवर दंव बसायचं. मला वाटायचं हे असंच राहावं, कुणी दिवे लावू नयेत. अर्ध्या तासात ऊन वर यायचं आणि सगळं जागच्या जागी दिसायला लागायचं. माझ्या कागदांसकट.

कागदांतला सगळ्यात मोठा कागद लग्नाचा दाखला. लग्न त्याच्या गावात नोंदवलेलं, दाखला मराठीत. सांगलीतल्या एका भाषांतरकाराने त्याचं इंग्रजी केलं, त्या इंग्रजीवर मुंबईचे शिक्के, दिल्लीचे शिक्के, वकिलातीचा शिक्का, असा तो नटून-थटून माझ्याकडे आला. इथे त्याचं अरबी करून घ्यायचं होतं. एका टायपिंगच्या दुकानात ते करून घेतलं, पुन्हा एक गोल शिक्का, आणि आम्ही दोघं सरकारी सेवा केंद्रात जाऊन बसलो. मी ड्युटीवरून थेट गेले होते, गणवेशातच. थंडगार हॉल, गुळगुळीत फरशी, नंबर पुकारणारा तो मऊ आवाज. मला बसल्या बसल्या डुलकी लागत होती. आमचा नंबर आला तेव्हा मी कुणाच्या तरी बेडजवळ जायला उठले, असं मला क्षणभर वाटलं.

काउंटरवर वयस्क कतारी गृहस्थ. पांढरा कडक पायघोळ थोब, नाकावर खाली आलेला चष्मा. जुन्या पिढीतली इथली माणसं हिंदी बोलतात, त्यांची स्वतःची हिंदी.

"सिस्टर," ते म्हणाले, "ये आदमी कौन?"

"माय हजबंड."

"पासपोर्टवाला ये." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. मग अरबी कागदावर बोट ठेवलं. "ये दूसरा आदमी. नाम दूसरा. ये नाम पासपोर्ट में नहीं."

मला काही कळेना. त्यांनी नाव वाचून दाखवलं. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, इथवर बरोबर. त्यापुढे एक नाव, इकडे हॉलमध्ये हाक मारली तर निम्मे पुरुष वळून बघतील असं. आणि त्यापुढे आडनावाच्या जागी त्याचं गाव.

मी कागद परत घेतला आणि इंग्रजी बघितलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या ग्रामसेवकाने मूळ दाखल्यात आपल्या सगळ्यांच्या सवयीप्रमाणे लिहिलं होतं: अमुक अमुक, मु. पो. तमुक. सांगलीच्या भाषांतरकाराने 'मु. पो.'चं इंग्रजी केलंच नाही, जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत उतरवलं. कोण करतं? मुक्काम पोस्ट हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते भाषांतर करायचं असतं हेच डोक्यात येत नाही. आणि इथल्या टायपिस्टला लांबलचक नावांची सवय. स्वतःचं, बापाचं, आजोबांचं, घराण्याचं. त्याने 'मु.'चं सरळ एक नाव करून टाकलं, 'पो.'चं काही सुचेना म्हणून तो सोडून दिला आणि गावाला आडनाव केलं. 'ध'चा 'मा' केला म्हणतात ना, तसा त्याने 'मु'चा माणूस केला.

तसं बघितलं तर गावाला आडनाव करण्यात त्याचं फार चुकलं नव्हतं. आपल्याकडे गावाला 'कर' लावला की आडनाव होतंच. त्याने तेवढा करही लावला नाही. इथे कर नसतो, मी म्हटलं तसं.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मी नुसते कागद गोळा केले. आम्ही थेट टायपिंगच्या दुकानात गेलो. टायपिस्ट केरळचा, अंगाने बारीक, अतिशय सभ्य. त्याला त्याची चूक वाटतच नव्हती.

"मॅडम, इंग्लिश में एम-यू लिखा है. मैंने फुल फॉर्म कर दिया. एक्स्ट्रा कुछ नहीं लिया."

"ते नाव नाही हो, पत्ता आहे! ॲड्रेस!"

"ॲड्रेस में ऐसा वर्ड कौन सी भाषा में है? मॅडम, ये इंग्लिश पे सब स्टॅम्प है. जो इसमें नहीं, वो मैं कैसे लिखूँ? आप इंडिया से नया करवा के लाओ."

इंडियातून नवीन म्हणजे पुन्हा सांगली, मुंबई, दिल्ली, वकिलात. तोवर व्हिसा संपणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी त्या सभ्य माणसावर इतकी ओरडले की शेजारच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

घरी येताना टॅक्सीत तो फाईल मांडीवर धरून बसला होता. बाहेर कोवळं ऊन, रुंद रस्ते. खांबामागून खांब जात होते.

"मग जाऊन येतो की," तो म्हणाला. "मीच जातो, करून आणतो."

आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'जाऊन येतो' म्हणतात. मरायला टेकलेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. मी कितीदा ऐकलंय ते. मला पुन्हा ती पहाटेची एसटी दिसली आणि माझं मस्तकच फिरलं.

"तुम्हाला जायचंच आहे. बॅग भरलेलीच आहे तुमची! मुक्कामालाच आला होता ना? मी झोपेत असते, बहिरी नाहीये."

टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. घरी आल्यावर मी काळे पडदे ओढले आणि आडवी झाले. झोप आली नाही. बाहेर कुठलाच आवाज नव्हता, शेंग नाही, चमचा नाही, फोन नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि तो पलंगाच्या कडेला येऊन बसला.

"भावाला काय सांगू मी?" तो अंधारात म्हणाला. "ऱ्हायला आलोय म्हणलं आन् ह्यांनी ऱ्हाऊ दिलं न्हाई तर? गावात तोंड दाखवायचं हाय मला. मुक्कामाला म्हणलं की माणूस सुटतो."

एवढंच होतं. तो घाबरला होता. माझ्याइतकाच घाबरला होता, आणि दोघंही एकाच घरात एकमेकांपासून ते लपवत होतो. मी त्याचा हात धरला. त्याच्या बोटांची टोकं तारेने घासून गुळगुळीत झालेली आहेत, ती माझ्या मनगटावर होती. मग मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपल्यावर आम्ही पुन्हा त्याच काउंटरवर. रात्री वॉर्डात बसून मी ठरवलं होतं की नीट, शांतपणे सगळं सांगायचं. पण रात्रभर जागून माझी इंग्रजी आधी झोपते आणि मागाहून हिंदी. समोर गेल्यावर मी नुसतं त्या 'मु.'वर बोट ठेवलं.

"सर, ये नाम नहीं. ये मुक्काम."

त्यांनी मान वर केली. "क्या?"

"मुक्काम. मतलब... जिधर आदमी रहता है. घर. गाँव. मु मतलब मुक्काम, हमारी भाषा में."

"मुकाम?" त्यांनी चष्मा काढला. "मुकाम तो अरबी. ये हमारा है." त्यांनी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला हाक मारून अरबीत काहीतरी सांगितलं, दोघं हसले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हारे पास कैसे आया?"

मला काय इतिहास माहीत? मी म्हटलं, "सर, बहुत पहले हमारे घर आया. फिर वापस नहीं गया."

का कोण जाणे, हे म्हणताना माझे डोळे भरून आले. झोप न झालेलं माणूस, काहीही होतं. ते गृहस्थ माझ्याकडे, मग माझ्या नवऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एका चिठ्ठीवर एक शब्द लिहिला, उजवीकडून डावीकडे, सावकाश.

"टायपिंगवाले को दो. बोलो, इसका तरजुमा ये. वो लिखेगा." आणि नवऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ये भी मुकीम हो जाएगा, इन्शाल्ला. मुकीम, समझता? इधर रहनेवाला. मुकाम, मुकीम, इकामा, सब एक. खलास."

"शुक्रन," नवरा म्हणाला. त्याला तेव्हा आभाराचं हे एवढंच अरबी येत होतं.

इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. इतकी वर्षं तो शब्द मी रोज ऐकत होते, स्वतःचा पाकिटात घेऊन फिरत होते, आणि तो आमच्या मुक्कामाचा सख्खा भाऊ आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. टायपिस्टने चिठ्ठी बघितली, "अच्छा, मुकाम!" म्हणाला आणि नवा कागद करून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. आदल्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल मी काही बोलले नाही. बिस्किटं मात्र दोन जास्त खाल्ली.

परतताना तो विचारात पडलेला.

"म्हंजे ह्यांच्यात मुक्काम म्हंजे कायमचं ऱ्हाणं?"

"हो."

"आपल्यात न्हाई."

"आपल्यातही आहे की," मी म्हटलं. "पत्रावर मुक्काम पोस्ट लिहितो ते काय दोन रात्रींसाठी?"

त्याने फाईल उघडून दाखल्यावरचं 'मु. पो.' पुन्हा वाचून पाहिलं. मग म्हणाला, "व्हय की. ते ध्येनातच न्हाई आलं."

पुढचं सगळं सुरळीत झालं, फक्त बोटांचे ठसे द्यायला वेळ लागला. तांब्याच्या तारेने त्याच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. मशीन ठसा घेईना. तिथल्या मुलीने ओला कागद दिला, मग क्रीम दिलं, पुन्हा पुन्हा बोटं दाबून घेतली. मी मागे उभी राहून मनातल्या मनात सगळ्या देवांना पाण्यात ठेवलं. शेवटी हिरवा दिवा लागला. कार्ड आलं. त्यावरच्या फोटोत तो मोटारीत बिघाड कुठे आहे हे बघितल्यासारखा बघतोय.

मग पत्ता नोंदवायचा. इथे प्रत्येक इमारतीला एक निळी पाटी असते, तिच्यावर विभागाचा, रस्त्याचा आणि इमारतीचा नंबर. तो खाली जाऊन पाटी वाचून आला, मी फोनमध्ये भरलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले तर हा स्टुलावर उभा राहून ओल्या फडक्याने ती पाटी पुसत होता. इथली धूळ मेली अशी की दोन दिवसांत आकडे दिसेनासे होतात. वॉचमन खाली स्टूल धरून उभा, त्याच्या चेहऱ्यावर काळजी.

"अहो, हे काय?"

"काय तरी करायला पाहिजे की," तो म्हणाला आणि कोपरे पुसू लागला. तेव्हापासून आमच्या रस्त्यावर आमचीच पाटी चकचकीत आहे. पार्सलवाले खूश आहेत.

त्याचे कपडे कधी कपाटात गेले ते मला कळलंच नाही. एकदा झोपेतून उठून मी माझा दुपट्टा शोधत होते तर हाताला त्याचा सदरा लागला. बॅग माळ्यावर गेली होती, तिच्यात त्याने गावाहून आणलेला लसूण ठेवला होता.

यंदा त्याच्या पुतण्याच्या मुलाचं बारसं निघालं. मी रात्रपाळी करून आले होते, पडदे ओढून पडले होते. विमानं उतरत होती. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि पलीकडून तोच दबका आवाज.

"येतो की. तिकीट बघायलोय... न्हाई रं, तेवढं न्हाई जमायचं. हिची ड्युटी असती, घर हाय हितलं." मग जरा थांबून, "चार दिवस मुक्कामाला येतो."

मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी आनंदाने उठून बसेन. आनंद झाला, इतका की तळपायापर्यंत गेला. पण उठून बसले नाही. ज्या घरात तो जन्मला, ज्याची घरपट्टीची पावती तो छातीशी धरून आला होता, त्या घरात आता कुणीतरी त्याच्या हातातून बॅग घेईल आणि प्रेमाने विचारेल, किती दिवस मुक्काम? त्या प्रश्नाचं काय होतं आतमध्ये, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी त्याचं उत्तर एकटीच देत आले होते.

दार हळूच उघडलं. मी झोपले आहे का ते बघत तो उभा होता.

"मी पण येते," मी डोळे मिटूनच म्हटलं.

तो पलंगाच्या कडेला येऊन बसला.

"मुक्कामाला?" त्याने विचारलं.

"मुक्कामाला," मी म्हटलं.